ओव्याचं फूल, टी ट्रीची बाटली आणि पावसाळ्यातली बुरशी

पावसाळा लागला की वाचकांकडून तेच प्रश्न फिरून येतात. जांघेतल्या नायट्यावर ओव्याचं तेल चालेल का? कोंड्यासाठी खोबरेलात टी ट्री किती थेंब टाकायचं? कपाटात लवंगतेलाचे बोळे ठेवले तर साड्यांना बुरा चढायचा थांबेल का? शेंगदाण्याच्या डब्यात गवती चहाचं तेल शिंपडलं तर काय बिघडेल? बहुतेकांनी आधी एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो किंवा बाटलीवर वाचलेलं असतं: ‘शंभर टक्के नैसर्गिक, बुरशीनाशक, प्रयोगशाळेत सिद्ध.’

यातला ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हा भाग बहुधा खराच असतो. सगळा गोंधळ सुरू होतो तो तिथूनच.

बशीत मरते ती अंगावर का टिकते?

प्रयोगशाळेत बुरशी एका झाकणबंद बशीत वाढवतात आणि तिच्यावर तेल सोडतात. सुगंधी तेलं हवेत उडून जाणारी असतात. बंद बशीत त्यांची वाफ कोंडून राहते आणि बुरशीला तासन् तास तिच्यात राहावं लागतं. तुमच्या पायाच्या बोटांवर तेच तेल मोकळ्या हवेत असतं. त्यातलं बरंचसं थोड्या वेळात उडून जातं, काही मोज्याला लागतं आणि कातडीत मुरतं ते थोडंसंच. त्यात नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात, केसांच्या मुळाशी आणि नखाच्या खाली दडून बसलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे या तेलांची मारण्याची पद्धत. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. माणसाच्या पेशीत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफीन यांसारखी औषधं एर्गोस्टेरॉल तयार होण्याची प्रक्रियाच अडवतात, म्हणून ती बुरशीला नेमकी लागतात आणि आपल्याला बरीच कमी. सुगंधी तेलातले रेणू मात्र पडद्यातल्या स्निग्ध भागात घुसून तो सैल करतात आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो. पडदा बुरशीचा की तुमच्या त्वचेचा, हा भेद ती फारसा करत नाहीत. म्हणजे जे तेल बुरशीला जास्त झोंबतं तेच तुमच्या कातडीलाही जास्त झोंबतं. पुढचे बरेचसे निर्णय या एका गोष्टीवर ठरतात.

बाटलीत नेमकं काय आहे?

वनस्पतीचं नाव पुरेसं नसतं, मुख्य रसायन कोणतं ते बघावं लागतं. बाजारात सहज मिळणारी तेलं बुरशीवरच्या जोरानुसार ढोबळमानाने अशी लावता येतील:

- सगळ्यात तिखट, फिनॉल वर्गातली: ओव्याच्या तेलात साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल असतं. तुम्ही ज्याला ओव्याचं फूल म्हणता ते खडे म्हणजे हेच थायमॉल. लवंगतेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल. कुंडीत लावतो त्या पानओव्याची वनस्पती वेगळ्याच कुळातली, पण तिच्या पानांतही कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल असतं, म्हणून वास ओव्याचा येतो.
- तितकीच तिखट, अल्डिहाइड वर्गातली: दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमल्डिहाइड, गवती चहाच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर सिट्रल. दालचिनीच्या पानाचं तेल मात्र मुख्यतः युजेनॉलचं असतं. एकाच झाडाची दोन तेलं, दोन वेगळी रसायनं.
- मधली, अल्कोहोल वर्गातली: टी ट्रीमधलं टर्पिनेन-४-ऑल, लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल, पुदिन्यातलं मेंथॉल.
- सौम्य: निलगिरीतलं सिनिओल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, चीडवर्गातल्या तेलांतलं पायनीन. यांचा वास भरपूर, पण बुरशीवर जोर बेताचा.

तुळशीचं काय, असं बरेच जण विचारतात. तुळशीच्या तेलाची घडण जात, जमीन आणि हंगाम यांनुसार बदलते. काही तुळशीत युजेनॉल भरपूर असतं, काहींत मिथाइल युजेनॉल किंवा मिथाइल चॅव्हिकॉल. त्यामुळे ‘तुळशीचं तेल बुरशीवर चालतं का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विश्लेषणाचा कागद नसेल तर तुळशीच्या बाटलीवर भिस्त ठेवू नका.

टी ट्रीचं झाड ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं, आपल्याकडच्या कुठल्याही आजीच्या बटव्यातलं नाही. तरीही माणसांवरच्या चाचण्यांची चर्चा निघाली की याच तेलाचं नाव सतत येतं. कारण वरच्या यादीत ते मधोमध बसतं: बुरशीला पुरेसं कडक, त्वचेला बहुतेकदा सोसवणारं. ओवा, लवंग, दालचिनी यांची बशीतली कामगिरी उत्तम असली तरी माणसांवरचा पुरावा फार तोकडा आहे.

कोणत्या तक्रारीवर किती भरवसा ठेवावा?

कोंडा. इथे आशेला जागा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत १२६ जणांना चार आठवडे शाम्पू दिला. टी ट्री तेल ५ टक्के असलेल्या शाम्पूने कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. शाम्पू रोज लावून तीन मिनिटं ठेवायचा होता, लावल्या लावल्या धुवायचा नव्हता. पण एक खाचखळगा आपल्याकडच्या सवयीचा आहे. कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी स्निग्धांशावर जगते. खोबरेलात टी ट्रीचे चार थेंब टाकून ते रात्रभर डोक्यावर ठेवलं तर चार थेंब उडून जातील आणि खोबरेल बुरशीच्या वाट्याला उरेल. कोंडा असेपर्यंत डोक्याला तेल थापणं बंद करा, हा सल्ला घरातल्या मोठ्यांना पटणार नाही, तरीही द्यावा लागतो. महिनाभरात फरक पडला नाही तर केटोकोनॅझोलच्या शाम्पूबद्दल डॉक्टरांना विचारा. भुवया, नाकाच्या बाजू आणि कानामागेही खपल्या धरत असतील तर वाट न बघता दाखवा.

चिखल्या. भातलावणीत पाण्यात उभ्या राहणाऱ्यांना, रबरी बूट घालणाऱ्यांना आणि दिवसभर ओल्या मोज्यांत वावरणाऱ्यांना होतात त्या. १९९२ च्या एका चाचणीत १० टक्के टी ट्रीच्या मलमाने खाज आणि खपल्या कमी झाल्या, पण बुरशी जाण्याचं प्रमाण बिनऔषधी मलमाइतकंच राहिलं. पुढे २००२ मध्ये ५० टक्के तीव्रतेचं द्रावण दिवसातून दोनदा चार आठवडे लावल्यावर ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, बिनऔषधी द्रावणाने ३१ टक्क्यांची. टी ट्री लावणाऱ्यांपैकी शेकड्याला सुमारे चौघांची त्वचा मात्र चांगलीच भाजल्यासारखी झाली. म्हणजे काम व्हायला तीव्रता खूप लागते आणि तेवढी तीव्रता सगळ्यांना सोसत नाही. अशी द्रावणं घरी करू नयेत असं माझं मत आहे. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवणं, मोजे रोज बदलणं, चप्पल-बूट आलटून पालटून वाळवणं आणि केमिस्टकडचं साधं बुरशीविरोधी मलम यांनी हे काम स्वस्तात होतं. मधुमेह असेल तर पायावर घरगुती प्रयोग अजिबात करू नका. तिथली भाजणूक लक्षात यायला उशीर होतो आणि जखम चिघळते.

नखं. पिवळी, जाड, भुसा पडणारी नखं. १९९४ च्या चाचणीत ११७ जणांना सहा महिने शुद्ध टी ट्री तेल किंवा क्लोट्रिमॅझोलचं द्रावण दिलं. कल्चरमध्ये (नखाचा नमुना वाढवून बघण्याच्या तपासणीत) बुरशी न सापडलेले लोक टी ट्रीच्या गटात १८ टक्के, क्लोट्रिमॅझोलच्या गटात ११ टक्के. हे आकडे दाखवून ‘औषधापेक्षा तेल सरस’ अशी जाहिरात करता येते. वाचणाऱ्याने उलटं बघावं: शंभरातल्या ऐंशीहून अधिकांची बुरशी सहा महिन्यांनीही गेली नाही, दोन्ही गटांत. नखाच्या बुरशीला बहुतेकदा पोटातून औषध लागतं आणि त्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा लागतो, कारण अशी दिसणारी सगळी नखं बुरशीची नसतात. सोरायसिसमध्येही नखं अशी होतात.

नायटा, गजकर्ण, जांघेतली खाज. इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच तक्रारीत होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातला नायटा बदलला आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा आजार आता महिनोन् महिने रेंगाळतो, घरभर पसरतो, पुन्हा पुन्हा उलटतो. यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं, आणि तिच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफीन चालत नाही असं दिसलं आहे. जोडीला स्टिरॉइड मिसळलेली मलमं. ती लावली की दोन दिवसांत खाज आणि लाली ओसरते, माणूस खूश होतो, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड असलेली त्वचेची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या शेड्यूल एच यादीत घातली. दुकानात ती मागितली की अजूनही मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ओव्याचं किंवा लवंगेचं तेल या नायट्यावर लावलं की तीन गोष्टी होतात. त्वचा भाजून लाल होते आणि नायट्याची कडा दिसेनाशी होते, त्यामुळे डॉक्टरांना निदान अवघड जातं. झोंबणं थांबवायला माणूस घरातलं ‘ते जुनं मलम’ लावतो, आणि त्यात स्टिरॉइड निघतं. शिवाय तीन-चार आठवडे वाया जातात ते वेगळेच. त्यापेक्षा हा क्रम धरा:

१. घरात पडलेल्या मलमाच्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसलं तर तिला पुन्हा हात लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर मात्र अचानक बंद केल्यावर त्रास उसळू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगून बंद करा.

२. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याआधी चट्ट्यावर काहीही लावू नका. चट्ट्याची कड खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी स्वस्त असते आणि निकाल लवकर मिळतो. ती करा असं तुम्ही स्वतः म्हणू शकता.

३. घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारा. सगळ्यांचे उपचार एकदम झाले नाहीत तर आजार घरातल्या घरात फिरत राहतो.

४. टॉवेल, अंतर्वस्त्रं वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुवा, उन्हात किंवा इस्त्रीने पूर्ण वाळवा. पावसात अर्धवट वाळलेले कपडे घालणं हे नायटा उलटण्याचं मोठं कारण आहे.

५. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा.

तोंड, कान, नाजूक जागा. तोंडातला पांढरा थर, योनीतली खाज, कानातली बुरशी यांवर कुठलंही सुगंधी तेल घालू नका, पातळ करूनही नाही. आतलं अस्तर त्वचेसारखं जाड नसतं. कोकणात पावसाळ्यात कान ठणकायला लागला की कोमट तेल सोडायची पद्धत आहे. कानात बुरशी असेल तर त्याने ओल वाढते, आणि पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. २०२१ मध्ये करोनानंतर ज्याला सगळे ‘ब्लॅक फंगस’ म्हणत होते तो म्युकरमायकोसिस तर तासांच्या हिशेबाने वाढणारा आजार आहे. चेहऱ्याची एक बाजू दुखणं, डोळा सुजणं, नाकातून काळपट स्राव, विशेषतः मधुमेही माणसाला, असं काही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

कपाट, भिंत, पुस्तकं

इथे सुगंधी तेलांना थोडा मान मिळाला होता. देशोदेशींच्या अभिलेखागारांत, आपल्याकडेही, बुरशी लागलेली कागदपत्रं बंद पेटीत ठेवून खाली बल्बच्या उष्णतेवर थायमॉलचे खडे ठेवत. वाफेने बुरशी मरे. पुढे ही पद्धत मागे पडली. वाफ गेली की संरक्षणही जाई, कागद आणि शाई यांवर परिणाम होई, आणि काम करणाऱ्यांच्या श्वासातही थायमॉल जाई. घरी हा प्रयोग करू नका. विशेषतः रंगवलेल्या चौकटी, जुने फोटो, चामडी बांधणी यांच्याजवळ तर नकोच, कारण थायमॉल रोगण मऊ करतं.

कपाटात लवंगतेलाचा बोळा ठेवला तर वास छान येईल, पण बुरशी थांबेल ती कोरडेपणाने. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशा वाढू शकत नाहीत. पावसाळ्यात रत्नागिरी किंवा पणजीत हे उघड्या खोलीत अशक्य आहे, बंद कपाटात मात्र शक्य आहे. सिलिका जेलच्या पुड्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाकणं एवढ्याने बराच फरक पडतो. भिंतीवर काळे डाग असतील तर आधी गळती शोधा. चुन्याची सफेदी बुरशीला मानवत नाही, कारण चुना तीव्र अल्कधर्मी असतो. जुन्या घरांतला हा शहाणपणा तेलाच्या कोणत्याही फवाऱ्यापेक्षा टिकाऊ आहे. बंद झोपण्याच्या खोलीत रात्रभर सुगंधी तेलाचा डिफ्यूझर लावू नका. कुंद वास झाकला जातो, बुरशी तशीच राहते आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्रास होतो.

वेखंडाचं वेगळं सांगायला हवं. कपड्यांत आणि पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायची आपली पद्धत योग्य आहे; त्यातलं तेल कीड आणि बुरशी दोन्हींना नकोसं असतं. पण भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-अॅसरोनचं प्रमाण खूप जास्त असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत या द्रव्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला मनाई केली. वेखंडाचं तेल पोटात घेऊ नका आणि बाळाला लावू नका. बाळगुटीत वेखंड उगाळत असाल तर बालरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला.

धान्य आणि शेंगदाणे: इथे तेल नकोच

१९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या लगतच्या भागांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि १०६ माणसं दगावली. कारण होतं अॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन. हे विष उकळून, भाजून जात नाही. त्याला ओळखता येईल असा वास किंवा चवही नसते.

लवंग, ओवा, गवती चहा यांची तेलं अॅस्परजिलसची वाढ रोखतात हे प्रयोगांत दिसतं, आणि त्यावर आधारलेली आवेष्टनंही तयार होत आहेत. पण ते मोजून, नियंत्रित हवेत, बुरशी लागायच्या आधी केलेलं काम आहे. तुम्ही बुरा आलेल्या दाण्यांवर तेल शिंपडलं तर आधीच तयार झालेलं विष तसंच राहील आणि ज्या कुबट वासामुळे तुम्ही ते टाकून दिले असते तो वास झाकला जाईल. म्हणून:

- शेंगा आणि धान्य दाताखाली कट्ट आवाज येईपर्यंत वाळवा. तृणधान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यात ७-८ टक्के असावा. कृषी उत्पन्न बाजार समितीत किंवा मोठ्या व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं.
- काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरा आलेले दाणे निवडून फेका. जनावरांना घालू नका. दुभत्या जनावराने खाल्लं तर विषाचा अंश दुधात उतरतो.
- लोणच्यावर बुरा आला तर वरचा थर काढून बाकीचं खाण्यापेक्षा बरणी रिकामी करा. वाईट वाटतं खरं, पण पुढच्या वेळी मीठ आणि वरचं तेल हात राखून घालू नका.

तरीही वापरायचंच असेल तर

मोठ्या, निरोगी माणसाने, कोंडा किंवा किरकोळ चिखल्यांसाठी, एवढ्या मर्यादेत बोलतो आहे.

- थेंब मोजू नका, मिलिलिटर मोजा. एका मिलिलिटरमध्ये तेलानुसार आणि ड्रॉपरनुसार २० ते ३० किंवा त्याहूनही अधिक थेंब बसतात. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्या. १०० मिलिलिटर शाम्पूत ५ मिलिलिटर तेल म्हणजे जवळजवळ ५ टक्के.
- लवंगतेल त्वचेवर अर्ध्या टक्क्याच्या वर नको. एवढ्या कमी तीव्रतेत बुरशीवर काही होईल अशी आशाही ठेवू नका. दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेवर मुळीच लावू नका. अॅलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्यांत सिनॅमल्डिहाइड, युजेनॉल आणि सिट्रल तिन्ही आहेत.
- आधी चाचणी. पातळ केलेलं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणजे सोसलं असं नसतं. अॅलर्जी उशिरा उठते.
- जुनी बाटली टाकून द्या. हवा आणि उजेड लागून टी ट्री, लॅव्हेंडर, गवती चहा यांतली द्रव्यं ऑक्सिडाइझ होतात आणि ताज्या तेलापेक्षा जास्त अॅलर्जी करतात. बाटली गडद काचेची हवी, बूच घट्ट हवं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा.
- पाण्यात टाकून पातळ होत नाही. बादलीत टाकलेले थेंब वर तरंगतात आणि अंगाला लागतात तेव्हा शुद्ध तेल म्हणूनच लागतात.
- आगीपासून लांब. ही तेलं पेट घेतात. देवघरातल्या निरांजनाशेजारी बाटली ठेवू नका.

अमृतधारेबद्दल विचारणा होते म्हणून: कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र ठेवलं की तिन्ही घन पदार्थ आपोआप द्रव होतात. दिसायला गंमत आहे, पण तो तिन्हींचा शुद्ध, कडक अर्क असतो. नायट्यावर चोळायचं औषध म्हणून ती वापरू नका.

लहान मुलं, गरोदरपण, फिट्स, मांजर

कापराचं किंवा निलगिरीचं तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर लावला तर श्वास अडखळू शकतो. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांत कापरासारख्या द्रव्यांनी रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. फिट्सचा आजार असलेल्या मोठ्या माणसांनीही कापूर आणि निलगिरी जपून वापरावी. बाम आणि वाफाऱ्यातल्या वड्या यांतही तीच द्रव्यं असतात. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना उपचार म्हणून कुठलंही सुगंधी तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर टी ट्री आणि लवंगतेल तिच्या अंगाला लागू देऊ नका. तिचं यकृत ही द्रव्यं आपल्यासारखी बाहेर टाकू शकत नाही, आणि अंग चाटल्यावर सगळं पोटात जातं.

तेल पोटात गेलं तर उलटी करवू नका; उलटीतलं तेल फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जा.

विकत घेताना

किमतीवरून बरंच कळतं. लवंगेच्या कळ्यांतून वजनाच्या १५ टक्के किंवा जास्त तेल निघतं, ओव्यातून २ ते ४ टक्के, ताज्या गवती चहातून अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ताज्या तुळशीतून त्याहूनही कमी. म्हणजे लिटरभर तुळशीच्या तेलाला शेकडो किलो पाला लागतो. एखाद्या विक्रेत्याकडे लवंग, तुळस, लॅव्हेंडर, चंदन सगळ्यांच्या बाटल्या एकाच भावाने असतील तर समजून घ्या.

लेबलवर हे शोधा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागाचं तेल, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, आणि परवाना क्रमांक. चांगला विक्रेता गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल त्याच बॅचचा देतो. टी ट्रीचं असेल तर त्यात टर्पिनेन-४-ऑल निदान ३५ टक्के असावं आणि सिनिओल कमी. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ किंवा ‘अरोमा ऑइल’ लिहिलेलं बहुधा कृत्रिम सुगंध असतो. लवंग घालून कढवलेलं खोबरेल हेही लवंगतेल नाही. युरोपातून नातेवाइकांनी साबण-लोशन आणलं असेल तर मागच्या यादीत सिट्रल, युजेनॉल, लिनॅलूल, लिमोनीन अशी नावं सुटी छापलेली दिसतील. ती अॅलर्जी असणाऱ्यांसाठी कायद्याने छापावी लागतात. आपल्याला फुकट मिळालेली माहिती म्हणून वाचा.

घरी एकच साधी परीक्षा करता येते. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवा. तेलकट अर्धपारदर्शक डाग राहिला तर साध्या तेलाची भेसळ असण्याची शक्यता मोठी. कृत्रिम रसायन मिसळलं असेल तर ते या परीक्षेत सापडत नाही. बचत गट किंवा शेतकरी म्हणून स्वतः गवती चहाचं तेल काढत असाल तर कनौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र आणि लखनौची सीमॅप ही संस्था यांच्याकडे तपासणीची चौकशी करा. कागद हातात असला की व्यापारी भाव पाडताना विचार करतो.

दावा खोटा निघाला तर

‘नायटा मुळापासून घालवतो’ असं लिहिलं की ते उत्पादन कायद्याच्या नजरेत औषध होतं, मग ते अॅलोपॅथिक असो वा आयुर्वेदिक, आणि त्याला औषधाचा परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. परवाना क्रमांक नसेल किंवा दावा न जुळणारा असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. लेबलचा आणि जाहिरातीचा फोटो जोडा.

पैसे परत हवे असतील तर:

- ऑनलाइन घेतलं असेल तर आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं.
- तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोललं तरी चालतं.
- त्वचा भाजली, उपचाराचा खर्च झाला, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि वस्तूला मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृतीवर ती ऑनलाइनही दाखल होते.
- फसवी जाहिरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नजरेस आणून देता येते. ते १० लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

यासाठी बिल, रिकामी बाटली आणि भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलेले फोटो लागतील. डॉक्टरांच्या कागदावर ‘अमुक तेल लावल्यानंतर’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘त्वचेचा दाह’ लिहिलेलं असेल तर आयोगापुढे बाटलीचा आणि भाजण्याचा संबंध जोडणं कठीण जातं.